पाठवलेला धडा आणि पोचलेला धडा : बंद शाळांच्या काळातलं खान्देशातलं शिक्षण



आजचा विषय जुना झाला असं काहींना वाटेल. करोना ओसरला, शाळा भरल्या, मुखपट्ट्या कपाटात गेल्या, आता पुन्हा तेच कशाला? आमचं म्हणणं असं की साथ संपल्यावरच या विषयावर नीट बोलता येतं. साथ चालू असताना जो तो धावपळीत होता, तेव्हा चुका काढणं म्हणजे आग विझवणाऱ्याच्या हातातली बादली तपासण्यासारखं झालं असतं. आता आग विझली आहे. बादलीला भोक होतं का, ते बघायला हरकत नाही.

समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर पुस्तक येतं, नाटक येतं. आज आम्ही एका घोषवाक्याची समीक्षा करणार आहोत. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे : ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं एप्रिल २०२० मध्ये या नावानं अभ्यासमाला सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून यायचा. वरून अधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे, तिथून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांच्या गटावर. त्यात ‘दीक्षा’ ॲपवरच्या धड्यांच्या लिंक असायच्या, कृती असायच्या, गोष्टी असायच्या. पुस्तकाची समीक्षा करताना आपण तीन गोष्टी विचारतो. लेखकाला काय म्हणायचं होतं? कोणासाठी म्हणायचं होतं? आणि ते त्या माणसापर्यंत पोचलं का? तेच तीन प्रश्न आपण या पाच शब्दांना विचारू. आणि विचारताना पुण्या-मुंबईत न बसता आपल्या जळगाव-धुळ्यात बसून विचारू.

आधी तारखांची उजळणी करू, कारण माणूस फार लवकर विसरतो. मार्च २०२० च्या मध्याला राज्यातल्या शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्यानं उघडायला परवानगी मिळाली. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे आणि शहरात आठवीपासून पुढे शाळा भरली. आणि ग्रामीण भागातली पहिली ते चौथी? १ डिसेंबर २०२१. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद, ते वेगळंच.

आता बोटं मोजा. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ म्हणजे वीस महिने. जून २०२० मध्ये ज्या मुलाचं नाव पहिलीत घातलं, ते मूल वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष संपत आलं होतं. ज्याला अक्षर बोटानं गिरवायला कोणीतरी शेजारी लागतं, ते मूल सगळ्यात जास्त काळ बाहेर राहिलं. जो स्वतः पुस्तक उघडून चार ओळी वाचू शकतो, त्याला आधी आत घेतलं. कारणं समजतात. मोठी मुलं अंतर पाळतील, त्यांना बोर्डाची परीक्षा आहे, लहानग्यांना मुखपट्टी सांभाळता येणार नाही, वगैरे. पण शिकण्याच्या अंगानं बघितलं तर हा क्रम उलटा होता, हे सांगायला हवं.

इथे एक न्यायाची गोष्ट. शाळा बंद करण्याचा पहिला निर्णय चुकला असं आमचं म्हणणं नाही. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगावच्या मृत्युदराची चर्चा राज्यभर होती, हे इथे बसलेल्यांना नव्यानं सांगायला नको. ज्या घरातून माणसं गेली, त्या घराला ‘शाळा का उघडली नाही’ हा प्रश्न त्या दिवसांत सुचलाही नसता. शिक्षकही घरी बसून नव्हते. कोणी तपासणी नाक्यावर, कोणी रेशन दुकानावर, कोणी दारोदार सर्वेक्षणाला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा तापमापक घेऊन दारात उभ्या राहणाऱ्यांत शिक्षकही होते. त्यामुळे ‘मास्तरांनी फुकटचा पगार घेतला’ हे जे गावोगाव ओट्यावर बोललं गेलं, त्यात आम्ही सामील नाही. आमची तक्रार माणसांबद्दल नाही, शिकवण्याच्या कल्पनेबद्दल आहे.

ती कल्पना काय होती? घोषवाक्यातला ‘पण’ बघा. हा ‘पण’ असं सांगतो की शाळा ही एक इमारत आहे आणि शिक्षण ही तिच्यात ठेवलेली वस्तू आहे. इमारतीला कुलूप लागलं तरी वस्तू बाहेर काढून घरोघर पाठवता येते. म्हणजे शिक्षण हे पार्सल झालं. पार्सल पाठवलं की पाठवणाऱ्याचं काम संपलं. गटावर दोन निळ्या खुणा उमटल्या की मिळाल्याची पावती. आमचा सगळा आक्षेप इथे आहे. धडा पाठवणं आणि धडा शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बंदच्या काळात आपण पहिलं काम मोजलं आणि दुसरं झालं असं धरून चाललो.

हे आपल्या मातीत कसं दिसतं ते बघू. समजा, पारोळा तालुक्यातल्या एखाद्या गावात चौथीत शिकणारी एक मुलगी आहे. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांचा. वडील सकाळी कामाला जातात, फोन खिशात जातो. संध्याकाळी सात वाजता फोन घरात येतो तेव्हा सकाळचा अभ्यास बावीस मेसेजांच्या खाली दबलेला. त्यात गुड मॉर्निंगची फुलं, करोनावरचे काढे आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. घरात भाऊ आठवीत. त्याला आधी. मग हिचा नंबर. तोवर नेटपॅक संपलेला किंवा बॅटरी. ही कल्पित मुलगी आहे, पण तुमच्या गल्लीत ती नव्हती असं कोणी हात वर करून सांगावं.

आकडे हेच सांगतात. ‘असर’च्या २०२१ च्या देशपातळीवरच्या फोन सर्वेक्षणात ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. पण ज्या घरात फोन होता, त्या घरांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं, यात अंतर आहे. ‘किती पालक गटावर आहेत’ या तक्त्यात ते अंतर दिसत नाही.

आणि हे झालं सपाटीचं. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांची वरची बाजू सातपुड्यात जाते. साक्रीचा पश्चिम भाग डोंगराचा. तिथल्या पाड्यांवर रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. आश्रमशाळेतली मुलं मार्चमध्ये घरी गेली ती पाड्यावर गेली, आणि पाडा हा व्हॉट्सॲपच्या नकाशात नव्हताच. आदिवासी विकास विभागानं ‘अनलॉक लर्निंग’ या नावानं शिक्षकांना पाड्यांपर्यंत पाठवण्याचा प्रयत्न केला, त्याची नोंद घेतली पाहिजे. तिथे निदान हे ओळखलं गेलं की मुलापर्यंत पाय जावे लागतात.

त्यात भाषा. आपल्याकडे घरात अहिराणी, तावडी, लेवा बोली. डोंगरात पावरी, भिली. मूल म्हणतं, ‘शाया बंद शे’. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘शाळा बंद आहे’. वर्गात या दोन वाक्यांच्या मध्ये बाई उभ्या असतात. त्या दोन्हीकडचं जाणतात, हसतात, ‘हां, आपण घरी शाया म्हणतो, पुस्तकात शाळा लिहितात’ असं सांगून टाकतात. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते रोज शंभर वेळा चालतं. व्हिडिओतला आवाज प्रमाण मराठीत पुढे निघून जातो. मूल कुठे अडलं ते त्याला दिसत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाचं शिक्षण ज्या धाग्यानं शिवलेलं असतं, नेमका तोच धागा पार्सलात नव्हता.

आता दूरदर्शनचं बघू, कारण त्यात दाद देण्यासारखं बरंच आहे. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची निर्मिती, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. तिचं वैशिष्ट्य असं की तिनं वर्ग आणि फळा पडद्यावर आणला नाही. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन करून बघायच्या कृतींवर भर दिला. हे शहाणपणाचं होतं. त्या काळात आपण असे कितीतरी व्हिडिओ पाहिले ज्यात शिक्षक फळ्यासमोर उभे राहून रिकाम्या वर्गाला शिकवत होते. त्यांच्या तुलनेत ‘टिलीमिली’नं माध्यम ओळखलं होतं. टीव्हीला नेटपॅक लागत नाही, हाही मोठा फायदा.

मग कमी काय पडलं? वेळ आणि परतीची वाट. प्रत्येक इयत्तेचा भाग सकाळी ठरलेल्या वेळी लागायचा. जुलै-ऑगस्टच्या सकाळी खान्देशात काय चालतं? कपाशीची निंदणी. आई निंदायला, बाप कोळपायला. मोठं मूल धाकट्याला सांभाळायला किंवा तेही बांधावर. वीज गेली तर भाग गेला. आणि भाग बघून मुलानं कृती केली, समजा चुकीची केली, तर ते कोणाला कळणार? निर्मात्यांना कळायची सोय नव्हती आणि ती त्यांची जबाबदारीही नव्हती. त्यांनी चांगली वस्तू बनवली. ती वस्तू हातात घेऊन गल्लीतल्या आठ मुलांना भोवती बसवणारा माणूस नेमायचा राहिला.

परतीची वाट अजिबात काढली नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ उपक्रम आला. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न, मुलानं उत्तर द्यायचं, लगेच बरोबर-चूक कळायचं. कल्पना योग्य दिशेची होती. पण ती वाटही त्याच फोनमधून जात होती. जे मूल पहिल्या दिवसापासून फोनच्या अलीकडे होतं, ते याही वेळी अलीकडेच राहिलं. आणि बरोबर-चूक सांगणं म्हणजे ‘तुझं कुठे चुकलं, चल दाखवतो’ असं म्हणणं नव्हे.

हे सगळं आपल्याच नशिबी आलं असं समजू नका. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि शाळा उघडायच्या राहिल्या. तिथल्या शिक्षण खात्यानं रेडिओवरून धडे दिले. वर्तमानपत्रांनी त्या दिवसाचे धडे छापले. शिवाय पालकांना शंका विचारायला फोनची सोय केली, पलीकडे शिक्षक बसवले. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा नीट लागत नव्हता, ती मुलं तेव्हाही बाहेर राहिली. पण तो प्रकार काही आठवड्यांचा होता. आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत २०१४-१५ मध्ये जवळपास नऊ महिने शाळा बंद होत्या. तिथेही रेडिओवर शाळा भरली. शाळा उघडल्या तेव्हा कित्येक किशोरवयीन मुली गरोदर होत्या, आणि त्यांना वर्गात बसायला सरकारनंच बंदी घातली. ती बंदी मार्च २०२० पर्यंत टिकली. साथ आली की शाळेबाहेर पडणाऱ्यांत मुलगी पुढे असते, हा धडा जगासमोर होता.

आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ च्या उत्तरार्धात झाली, म्हणजे साथीच्या आधी. २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली होती, त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि धुळे जिल्ह्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. हे साथीआधीचं चित्र आहे. अशा जिल्ह्यात मुलीला दहावीपर्यंत धरून ठेवणारी जी एक गोष्ट असते, ती म्हणजे ‘अजून शाळेत जाते ना’ हे वाक्य. लग्नाचा विषय निघाला की आई हे वाक्य ढालीसारखं पुढे करते. शाळेला कुलूप लागलं तेव्हा ती ढाल गेली. व्हॉट्सॲपवरचा अभ्यास ढाल होऊ शकत नाही. ‘मोबाईलवर शिकते ना’ असं म्हणून कुठल्या सोयरिकीला थांबवता आलं? घोषवाक्यातल्या ‘शिक्षण आहे’ या दोन शब्दांत हा हिशेब कुठेच नव्हता.

आता कोणी विचारेल, मंडळी, दुसरं करता काय आलं असतं? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या शाळांच्या आवारातच होतं. बंदच्या काळात शालेय पोषण आहार शिजत नव्हता, पण तांदूळ आणि कडधान्य शिध्याच्या रूपात वाटलं जात होतं. पालक शाळेत यायचे. यादीत प्रत्येक मुलाचं नाव, किती दिवसांचा किती तांदूळ, पुढे सही किंवा अंगठा. कोणाचा पालक आला नाही तर निरोप जायचा. बघा, तांदूळ नावानिशी पोचत होता. धडा गटावर टाकला जात होता. एकच शाळा, तेच शिक्षक. तांदळाचा हिशेब द्यावा लागतो म्हणून नाव लागतं, आणि धड्याचा हिशेब ‘पाठवला’ एवढ्यावर भागतो. ज्या दिवशी पालक शिधा न्यायला येत होते, त्याच दिवशी मुलाच्या नावाची वही हातात देता आली असती आणि पुढच्या वेळी तीच वही तपासून परत देता आली असती. ज्या शिक्षकांना हे सुचलं त्यांनी ते आपल्या हिमतीवर केलं असेल. पण तशी पद्धत झाली नाही.

पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हारकडच्या पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ चालली, ध्वनिक्षेपकावरून. सोलापूरच्या नीलमनगरात वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. नागपूरकडे आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकवली गेली. आपल्याकडेही कितीतरी शिक्षकांनी ओट्यावर, मंदिराच्या पारावर, झाडाखाली पाच-सात मुलं बसवून शिकवलं. वर्तमानपत्रांनी या बातम्या प्रेमानं छापल्या. पण अशा बातम्यांची एक अडचण असते. कौतुक छापून आलं की अपवाद हाच नियम वाटायला लागतो. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आपल्या सगळ्यांची मान उंचावली. पण एका शिक्षकाचं तेज लाखभर शाळांची व्यवस्था होत नाही. व्यवस्था म्हणजे अशी गोष्ट जी साधा, थकलेला, सर्वेक्षणाहून नुकताच परतलेला शिक्षकही पार पाडू शकेल.

या संदर्भात खान्देशाकडे स्वतःची दोन उदाहरणं आहेत. त्यांच्यापासून शिकायला कुठल्या ॲपची गरज नाही.

पहिलं अमळनेरचं. साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. हातानं लिहिलेलं, छापखाना नाही, वाचक म्हणजे त्या छात्रालयातली मुलं. प्रसाराच्या हिशेबानं बघितलं तर हे फारच तोकडं माध्यम. आपल्या अभ्यासमालेचा एक मेसेज क्षणात लाखो फोनवर जात होता. पण गुरुजी ज्यांच्यासाठी लिहीत होते, त्यातल्या प्रत्येकाला ते ओळखत होते. कोण घरच्या आठवणीनं रडतो, कोणाला गणित छळतं, कोणाचे कपडे मळलेले असतात. त्या कागदावर पत्ता होता. आपल्या लाखो मेसेजांवर पत्ता नव्हता.

दुसरं धुळ्याचं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैदेत होते. दर रविवारी एक अध्याय अशी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. व्याख्यान ऐकून उतरवून काढण्याच्या ज्या कामामुळे हे भाषण तुमच्यापर्यंत लेखी येतं आहे, त्या कामाचं आपल्या जिल्ह्यातलं यापेक्षा थोर उदाहरण आम्हाला माहीत नाही. आता गंमत बघा. तिथेही दरवाजा बंदच होता, कुलूपच होतं. तरी शिक्षण झालं. का झालं? कारण कुलूप माणसांच्या बाहेरच्या बाजूनं होतं. सांगणारा आणि ऐकणारे आत समोरासमोर होते. २०२० मध्ये कुलूप माणसांच्या मध्ये आलं. इमारत बंद पडल्यानं शिक्षण थांबत नाही, हे घोषवाक्यानं बरोबर सांगितलं. समोरासमोर असणं थांबलं की ते थांबतं, हे सांगायचं राहिलं.

मग शेवटी निकाल काय लागला? दोन निकाल लागले. पहिला १६ जुलै २०२१ ला, दहावीचा : ९९.९५ टक्के. परीक्षा न घेता, नववीचे गुण आणि दहावीतलं अंतर्गत मूल्यमापन धरून. मुलांच्या माथी अन्याय नको म्हणून केलेली ती तडजोड होती, तिला आमचा विरोध नाही. पण तो आकडा जणू ‘शिक्षण आहे’ याचा पुरावा म्हणून मिरवला गेला, त्याला आहे. दुसरा निकाल गाजावाजा न होता आला. ‘असर’ २०२२ : देशात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०१८ च्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ वर आलं. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर. पहिला निकाल कागदाचा, दुसरा मुलांचा. मधल्या काळात आपण काय केलं? जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम केला. सेतूचा अर्थ पूल. पण तो पूलही त्या वेळी बहुतेक मुलांना घरूनच, फोनमधूनच ओलांडायचा होता. ज्या बाजूनं माणूस पोचलाच नाही, त्या बाजूला पूल टेकवायचा कशावर?

आम्ही नुसती टीका करून खाली बसणार नाही. पुढची साथ येईल, नाही आली तर पूर येईल, उष्णतेची लाट तर आपल्या भुसावळ-जळगावला दरवर्षी येतेच. शाळा पुन्हा कधीतरी बंद राहील. तेव्हासाठी चार गोष्टी आज लिहून ठेवाव्यात, गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात.

पहिली, नावांची यादी. बंदच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलापुढे लिहायचं : फोन कोणाचा, किती वाजता घरात असतो, घरात वाचता येणारं कोण आहे, घरची बोली कोणती, कुटुंब कामासाठी गाव सोडतं का आणि कधी. ऊसतोडीला किंवा गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबाचं मूल जायच्या आधी वही घेऊन गेलं पाहिजे.

दुसरी, कागद. वही, कार्यपत्रिका, गावातल्या वाचनालयातली गोष्टीची पुस्तकं. शिधावाटपाच्या दिवशी द्यायची आणि तपासून परत द्यायची. फोन असेल तिथे फोन वापरा, पण कागदाच्या जोडीला. कागदाऐवजी फोन, हे नको.

तिसरी, गल्लीचा माणूस. बारावी झालेली मुलगी, कॉलेजात जाणारा मुलगा, निवृत्त शिक्षक. पाच-सात मुलांमागे एक. त्याला मानधन द्या. ‘समाजसेवा’ म्हणून फुकट राबवून घेऊ नका, ते टिकत नाही. शिक्षकानं आठवड्यातून एकदा त्या माणसाला भेटायचं. आणि हे होण्यासाठी शिक्षकाला बाकीच्या सर्वेक्षणांतून सोडवायचं, ही अट सरकारला घालायची.

चौथी, उघडण्याचा क्रम. जुलै २०२१ मध्ये सरकारनं कोविडमुक्त गावांना ठरावाच्या आधारे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायला मुभा दिली होती. म्हणजे गावानं निर्णय घेण्याचा रस्ता कागदावर तयार झालेला होता. पुढच्या वेळी तो रस्ता पहिली-दुसरीसाठी आधी खुला करा. महिनोन्‌महिने एकही रुग्ण नसलेल्या सातपुड्यातल्या तीस पटाच्या शाळेला आणि जळगाव शहरातल्या दीड हजार पटाच्या शाळेला एकच कुलूप लावण्याचं कारण नाही.

यातली एकही गोष्ट नवीन नाही, महाग नाही. चारही गोष्टींत एकच सूत्र आहे. पाठवणाऱ्याला ‘पाठवलं का’ असं विचारू नका, ‘कोणाला मिळालं, आणि त्याचं काय परत आलं’ असं विचारा. ज्या दिवशी केंद्रप्रमुखाच्या तक्त्यात ‘गटावरील पालकसंख्या’ या रकान्याऐवजी ‘या आठवड्यात ज्यांच्याशी बोलणं झालं नाही अशी मुलं’ हा रकाना येईल आणि त्यात नावं लिहावी लागतील, त्या दिवशी घोषवाक्य खरं व्हायला सुरुवात होईल.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं हळूहळू वरच्या वर्गांत सरकत आहेत. त्यांची अडचण आता कोणी करोनाची म्हणून ओळखत नाही. ‘पोरगं कच्चं आहे’ एवढंच म्हणतात. शिक्षकांना आमची विनंती आहे, ते पोरगं वाचताना अडखळलं तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याच्या आयुष्यातले ते वीस महिने आठवा आणि त्याला शेजारी बसवून बोटानं ओळ दाखवा. पालकांना विनंती, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि या चार गोष्टींचा विषय काढा.

 आता तुमचे प्रश्न येऊ द्या. धुळ्याकडच्या मंडळींनी आधी विचारावं, जळगावकर नेहमीच पुढे असतात.